टिकलीची बाजू

१

राहीबाई पार्टे यांच्या नवऱ्याचा आवाज चोरीला गेला, अशी तक्रार आमच्या ऑफिसात आली तेव्हा माझा सहकारी ऋषिराज हसला. मी हसले नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

आमचं ऑफिस कुपवाडच्या एमआयडीसीत. खाली पावडर कोटिंगचा कारखाना, वर आम्ही. बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, ऊसतोडीची वाहनं, असल्यांची सॉफ्टवेअरं करून आमचं पोट भरतं. आवाजाचं काम आम्ही आयुष्यात एकच केलं, आंबेमुऱ्याचं.

आंबेमुरा मेढ्याच्या वर डोंगरात आहे. घरटी एक माणूस फौजेत. घरी फोन नव्हते त्या काळात हे जवान पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन मनातलं सगळं बोलायचं आणि सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती ती कॅसेट द्यायची. घरचे ऐकायचे, मग त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचे आणि परत धाडायचे. जुनं बोलणं पुसलं जाऊन नवं चढायचं. तरीही काही कॅसेटी घराघरांत उरल्या होत्या. गेल्या वर्षी गावाने त्या गोळा केल्या, शाळेशेजारची एक खोली रंगवली आणि आम्हाला काम दिलं. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर जवानांचे फोटो, फोटोवर बोट ठेवलं की त्या माणसाचा आवाज. गाव तिला 'फोटोची खोली' म्हणतं.

फोन मी उचलला होता. पलीकडून कापरा, पण ठाम आवाज आला.

"माझ्या मालकाच्या फोटोतनं शेजारचा गडी बोलतोय. सारं गाव ऐकतंय. आवं, ही काय रीत झाली?"

"मावशी, फोटो चुकून दुसरा दाबला गेला असेल."

"चाळीस वर्सं झाली त्या फोटोला हार घालतीया मी. फोटो चुकंल व्हय?"

मी फोन ठेवून ऋषिराजला सांगितलं. कुठल्या फोटोला कुठला आवाज हे जुळवणाऱ्या मॅपिंगपासून स्क्रीनपर्यंत सगळं त्यानेच केलं होतं. तो म्हणाला, "म्हातारीला कमी ऐकू येत असेल, सुमैरा."

"नवऱ्याचा आवाज ओळखायला किती ऐकू यावं लागतं?" मी विचारलं.

मी पुन्हा फोन लावला आणि राहीबाईंना सरळ विचारलं, हे कुणी केलं असेल असं त्यांना वाटतं.

"वाटायचं काय त्यात? मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "ज्याला मी माझ्या हातानं भरवला, त्यानंच क्येलं."

२

सांगलीहून साताऱ्याला एसटी, साताऱ्यात गाडी बदलून मेढा, मेढ्याहून वडापच्या शेअर जीपमध्ये कोंबून वर आंबेमुरा. थंडी पडली होती. वाफ्यांवर स्ट्रॉबेरीचा चंदेरी कागद पसरलेला आणि बाया ओणव्या होऊन काम करत होत्या. त्यांतल्याच एकीने मान वर करून मला न्याहाळलं, कमरेचा पदर सोडला आणि हात धूत माझ्याकडे आली. साठीची, उंच, काटक बाई. राहीबाई.

त्यांनी मला आधी चहा पाजला. मी तक्रार ऐकायला आले आहे की सोयरीक घेऊन, असा प्रश्न पडावा इतका आग्रह केला. मग बोलल्या.

नवरा मानसिंग आणि शेजारचा भाऊसो सपकाळ एकाच पलटणीत होते. लहानपणापासून दोघं एका ताटात जेवलेले. लग्नाला जेमतेम वर्ष होत होतं तेव्हा मानसिंगची कॅसेट आली. ती आणणारा जवान परत जायच्या आत तार आली. मानसिंग बर्फाच्या कड्याखाली गेला होता.

"भाऊसो भावजी सुखरूप आलं. पेन्शनीत आलं, त्येंचा संसार झाला. मला त्याचं वाईट न्हाई वाटलं कवा," त्या म्हणाल्या. "त्येंचा जयराज माझ्याच वसरीला वाढला. त्येची आय आजारी असायची. दोन वर्सांमागं भावजी गेलं. आता फोटोच्या खोलीची चावी जयराजकडं असती."

"आणि तुमच्या मते जयराजने आवाज बदलला?"

"त्येला बापाची लय ओढ. बापाच्या फोटोतनं बाप बोलतो, माझ्या मालकाच्या फोटोतनं बी त्येचाच बाप बोलतो. मंग दुसरं कोण करंल?"

"तुम्ही मानसिंगरावांचा आवाज शेवटचा कधी ऐकला?"

त्या एकदम हळव्या झाल्या. "उद्घाटनाच्या दिशी. वीरपत्नी म्हून मला म्होरं केलं, म्हणलं पयलं बोट तुमी ठेवा. ठेवलं, आन् ह्ये बोललं. अगदी जसंच्या तसं. मधी किती वर्सं गेलीवती! आमच्या टेपरेकॉर्डरनं कवाच मान टाकलीवती. कॅसेट नुसती पेटीत जपलेली. टिकलीची बाजू आमची, ती वर ठिवून कापडात बांधलेली." त्यांनी डोळे पुसले. "त्या दिशी ऐकलं त्येवढंच. दुसऱ्या दिशी ग्येले तर भाऊसो भावजी. तवापासनं कवाबी जा, भाऊसो भावजीच."

आम्ही खोलीकडे गेलो. कुलूप नव्हतं, स्क्रीन चालू होता. राहीबाईंनी बाहेरच चप्पल काढली. फोटोत मानसिंग अगदी कोवळा होता, फौजी टोपी जराशी तिरकी. त्याच्या छातीवर त्यांनी बोट ठेवलं.

खरखर झाली आणि एक भरदार आवाज आला. "आई, मी भाऊसो बोलतोय. समदं बेस हाय हितं..."

राहीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दरवाजात एक तरुण येऊन उभा राहिला होता. आम्ही वळलो तसा तो मागच्या मागे निघून गेला.

३

दरवाजातून मागे फिरलेला तरुण जयराजच होता; त्याला मी गाठलं ते पाराजवळ. सीझनला तो महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. गाडी पुसत होता. पुसून झालेली काच पुन्हा पुसत होता, असं म्हटलं तर जास्त खरं.

"मला मशिनीतलं काय कळत न्हाई, मॅडम," मी विचारायच्या आतच त्याने सांगितलं.

"मलाही टॅक्सीतलं कळत नाही. पण खोली तुम्ही कधी उघडता, एवढं तर सांगाल?"

"सकाळी उघडतो, मग गाडी घिऊन वर जातो. सांजच्याला आलो की बटण बंद, कुलूप."

"सगळं बंद? मशीनसुद्धा?"

"व्हय. लाइटबिल गावावर पडतंय."

"सकाळी उघडल्यावर काय करता?"

"आमच्या दादांचा आवाज लावतो. रोज. पयलं त्येच. चुकवत न्हाई."

हे सांगताना त्याचा चेहरा चोराचा नव्हता. वडिलांना जाऊन दोन वर्षं झालेल्या मुलाचा होता. पण मी असल्या चेहऱ्यांवर सहजी विश्वास ठेवत नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक जण रडवेल्या चेहऱ्याने सांगतो, मी काहीच हात लावला नाही.

"काकींचं म्हणणं कळलंय ना तुम्हाला?"

"गावाला कळलंय. काकी माझ्याकडं बघत न्हाईत आता. दिवाळीला त्येंच्याकडनं फराळ आला न्हाई. कवाच असं झालं न्हवतं." तो फडक्याची घडी घालू लागला, घडी जमेना. "मी का करीन ओ असलं? काकीनं वाढवलंय मला."

"मग उद्घाटनाच्या दिवसाचं सांगा. त्या दिवशी काकींनी आवाज ऐकला. नंतर?"

फडकं त्याच्या हातातून पडलं.

"त्या दिवशी काय झालं न्हाई," तो म्हणाला.

"काही झालं का, असं मी विचारलंच नाही."

जयराजने गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि काच वर घेतली. गाडी मात्र सुरू केली नाही.

४

ज्या माणसाच्या हातून सगळ्या कॅसेटी गेल्या तो सांगलीत होता. पेठेच्या आतल्या गल्लीत अजहरचाचांचं दुकान आहे. एके काळी तिथे कॅसेटी भरून घ्यायला रांग लागायची. आता चाचा लग्नाच्या जुन्या व्हिडिओ टेपा काँप्युटरवर उतरवून देतात आणि उरलेला वेळ गिऱ्हाइकांना नव्या गाण्यांबद्दल रागवतात. माझ्या अब्बांचे ते दोस्त.

"आंबेमुऱ्याचा माल? याद आहे की बेटा," ते म्हणाले. "बुरशी खाल्लेला माल होता सगळा. एक एक कॅसेट उघडून, पुसून, नव्या खोक्यात घालून उतरवली. प्रत्येकीला नंबर दिला, चिठ्ठी चिकटवली. एक कॅसेट, एक नंबर. या धंद्यात केस पिकले, नंबरात कधी गडबड नाही."

"मानसिंग पार्ट्यांची आठवते?"

"सतरा नंबर. एका बाजूला टिकली चिकटवलेली होती. मला वाटलं पोरीबाळींनी खेळताना लावली. नंतर कळलं. टिकलीच्या बाजूला एक जण बोलतोय, उलटी केली तर दुसरा. दोन घरांची एक कॅसेट." चाचा हसले. "दोघं दोस्त असणार. एकाच तंबूत, एकच टेप, एकच कॅसेट. इकडून तुझ्या घरी, तिकडून माझ्या घरी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाजू कशी कळणार? म्हणून टिकली."

राहीबाईंनी मला हेच सांगितलं होतं, चहानंतर बोलता बोलता. टिकलीची बाजू आमची. मी ऐकलं आणि सोडून दिलं होतं. एका बाजूला 'आमची' म्हणायचं असेल तर दुसरी कुणाची तरी असणारच, एवढा साधा विचार मला सुचला नाही.

"मग नंबर दोन दिले?"

"कॅसेट एक, तर नंबर एकच ना! आवाज दोन होते, म्हणून दोन वेगळ्या फाइली करून दिल्या. दोन्हींवर सतरा, पुढे घराचं नाव. तुझ्या त्या ऋषिराजला हातात दिल्या."

"ती कॅसेट पुन्हा लावून बघता येईल?"

चाचांनी मान हलवली. खणातून त्यांनी एक कॅसेट काढली. एका बाजूला टिकलीचा लाल डाग, आतली फीत पांढुरकी पडलेली. "म्हातारीला परत द्यायची होती, पण दाखवायला लाज वाटली. एकदाच चालली, बेटा. चालता चालता हिच्यावरचा मसाला झडत गेला. आता यात काही नाही. जे काय आहे ते तुमच्या मशीनमध्ये."

मी कॅसेट हातात घेतली. ती नको इतकी हलकी वाटली. मशीनमधला आवाजही गेला असेल, तर मानसिंग कुठेच उरला नव्हता.

५

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

माझे अब्बा मस्कतला होते. आमच्याकडेही कॅसेटी यायच्या. अम्मी सगळ्यांना गोल बसवून ऐकवायची आणि दुसऱ्या दिवशी आम्हा भावंडांना एकेक करून टेपपुढे उभं करायची. मी पाढे म्हणायचे. भाऊ शाळेतल्या तक्रारी करायचा. अम्मी शेवटी बोलायची, दार लावून. मग कॅसेट परत मस्कतला. अब्बा वारल्यावर मी घर धुंडाळलं, त्यांचा आवाज कुठे सापडतो का म्हणून. नव्हता. आम्ही प्रत्येक वेळी शहाण्या मुलांसारखं उत्तर भरून पाठवलं होतं आणि प्रत्येक उत्तराखाली त्यांचं बोलणं पुसलं गेलं होतं.

म्हणून मी हसले नव्हते.

कुपवाडला परत आले. गावात दिलंय तसलंच ऑफिसातलं मशीन लावलं, मानसिंग पार्टेचा फोटो उघडला, डोळे मिटून बोट ठेवलं.

"राही," आवाज आला. भाऊसोच्या आवाजापेक्षा पातळ, जरा लाजरा. "राही, मी बोलतोय."

मी पुढचं ऐकलं नाही. ते माझं नव्हतं. खुर्चीत मागे टेकले आणि बऱ्याच दिवसांनी अल्लाचे आभार मानले.

"बघ! माझ्याकडे चालतंय," ऋषिराज म्हणाला. आमच्या धंद्यात हे वाक्य जो बोलतो त्याच्यावर पहिला संशय घ्यावा, असं माझं जुनं मत आहे.

मी राहीबाईंना फोन करून सांगितलं, आवाज सुखरूप आहे, म्हणत असाल तर आत्ताच फोनवर ऐकवते.

"न्हाई पोरी. असं चोरून न्हाई ऐकायचं मला. त्येंच्या जागी त्येंनी बोलावं. आन् जयराजनं क्येलं का न्हाई, त्येवढं मला सांग. त्येच्यावाचून झोप न्हाई."

आवाज आमच्याकडे होता. गावातल्या मशीनमध्येही तीच फाइल होती, मी इथून तपासली. कुणी काही पुसलं नव्हतं, बदललं नव्हतं. तरी तिथे मानसिंगच्या फोटोतून भाऊसो बोलत होता, आणि गावात असं फक्त या दोन घरांच्या बाबतीत होत होतं. बाकीचे सगळे आपापल्या फोटोतून बोलत होते.

आमच्या ऑफिसात आणि त्या खोलीत फरक काय? मी बोटं मोडत बसले. इथे आम्ही दर वेळी मशीन नव्याने सुरू करतो, एक फोटो दाबतो, बंद करतो. तिथे ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतं. आणि सकाळी सगळ्यांत आधी...

मी ताडकन उठले. "ऋषिराज, सतरा नंबरच्या वेळी आवाजांच्या नोंदींचा तुझा तक्ता अडला होता का?"

तो आठवू लागला. "हो. सतरा आधीच आहे, दुसरा घेणार नाही म्हणाला. मग मी तक्त्याची की, ओळखायची किल्ली, बदलली. नंबर आणि घर, दोन्ही मिळून."

"आणि मॅपिंग?"

ऋषिराजच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी पर्स उचलली. "चल. आंबेमुऱ्याला जायचंय. हे तिथेच दाखवायला हवं."

६

सकाळी जयराजने खोली उघडली तेव्हा आम्ही दारात होतो. मी त्याला मुख्य बटण दाबू दिलं, पण बापाच्या फोटोकडे त्याचा हात गेला तेव्हा अडवला.

"आज काकी आधी," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नगं, मॅडम."

राहीबाई दारात उभ्या होत्या. मागे पाच-सात बायाबापड्या, दोन पेन्शनर. मी राहीबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी बोट ठेवलं.

"राही. राही, मी बोलतोय."

राहीबाईंनी भिंतीचा आधार घेतला. मी आवाज तिथेच थांबवला. "पुरा तुम्ही एकट्याने ऐका. फक्त एक गोष्ट राहिली. जयराज, आता तुमच्या दादांचा फोटो."

"नगं म्हणलं न्हवं!" तो ओरडलाच. मग भाऊसोच्या फोटोवर मीच बोट ठेवलं.

"राही," भाऊसोच्या फोटोतून मानसिंग म्हणाला. "राही, मी बोलतोय."

जयराज खाली बसला. दोन्ही हातांत तोंड झाकून लहान पोरासारखा रडू लागला. "असंच झालंवतं," तो म्हणाला. "उद्घाटनाच्या दिशी. काकीचं झालं, लोक जेवायला ग्येलं, मी गुपचूप दादांचा लावला. तर ह्यो आवाज. मला वाटलं, दादा पुसलं गेलं. आमची ती एकच कॅसेट, मॅडम, दुसरी न्हाई. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी पळत येऊन लावला, तर दादा बोललं. तवापासनं रोज सकाळी आधी बघतो. हायत का न्हाईत. बोलत्यात का न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई, वाटलं काकीचा घास मी हिसकावतोय."

मी राहीबाईंशी बोलले, कारण उत्तर त्यांना हवं होतं.

"मावशी, चोर कुणी नाही. मशीनमध्ये आवाजांची नोंद तक्त्यात असते, आणि तक्ता व ही भिंत यांच्यात एक दुभाषा असतो. कुणाला कशावरून ओळखायचं, हे आम्ही त्याला आधी शिकवतो. त्याला मॅपिंग म्हणतात. ऋषिराजने त्याला शिकवलं की कॅसेटच्या नंबरावरून ओळख. साऱ्या गावासाठी ते बरोबर होतं, एक कॅसेट, एक घर. पण तुमची कॅसेट दोन घरांत राहिली होती. टिकलीची बाजू तुमची, पालथी बाजू सपकाळांची. नंबर एकच, सतरा."

"मंग?"

"या दुभाष्याची सवय अशी, की एकदा हाताशी आणलेला माणूस तो मशीन बंद होईपर्यंत जवळच ठेवतो. सकाळी जयराजने भाऊसोंना बोलावलं. दुभाष्याने सतरा नंबर आणला. नंतर तुम्ही मानसिंगरावांना बोलावलं. तो बघतो, हाही सतराच, सतरा तर माझ्याजवळ आहे, आणि तोच पुढे करतो. उद्घाटनाला तुम्ही आधी होता, म्हणून जयराजला मानसिंगराव ऐकू आले. रोज सकाळी जो आधी, दिवसभर तोच दोन्ही फोटोंतून."

ऋषिराज आतापर्यंत मान खाली घालून उभा होता. तो पुढे झाला. "चूक माझी, मावशी. तक्त्याला मी सांगितलं होतं, नंबर आणि घर दोन्ही मिळून ओळख. दुभाष्याला सांगायचं राहिलं. घराचा नंबर घरांच्या तक्त्यातून आलेला असतो. आम्ही त्याला फॉरेन की म्हणतो, म्हणजे परक्याची किल्ली. मला वाटलं, परकं ते माणसाच्या ओळखीत कशाला घ्यायचं?"

"आरं बाबा," राहीबाई म्हणाल्या, "घर सोडून माणसाची वळख असती व्हय?"

त्या जयराजजवळ गेल्या. आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग चापटही मारली. "मला सांगायचं न्हाई? येड्या! तुझा बा त्या कॅसेटीवर का उरला, म्हाईत हाय? तार आली तवा कॅसेट माझ्या हातात हुती. तुझी आजी मागत हुती, आमच्या बाजूला उत्तर भरायचंय म्हून. म्या सोडलीच न्हाई. सोडली असती तर तुझा बा कवाच पुसला असता."

जयराजने त्यांचे पाय धरले. मला वाटलं, आमचं काम संपलं. पण राहीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थांब पोरी. अजून एक हाय."

७

ऋषिराजने तिथेच लॅपटॉप उघडून मॅपिंग सुधारलं. नंबर आणि घर, दोन्ही मिळून एक ओळख. आम्ही उलटसुलट सगळ्या क्रमाने दाबून पाहिलं. आता प्रत्येक जण आपापल्या फोटोतून बोलत होता, आधी कुणालाही बोलवा.

मग सगळ्यांना बाहेर काढून राहीबाईंनी नवऱ्याचं बोलणं पुरं ऐकलं. थोड्या वेळाने दार किलकिलं करून मला आत घेतलं. त्यांनी मला शेवटचा तुकडा ऐकवला, मागितला नव्हता तरी.

"...तू कवाच बोलत न्हाईस. मागल्या येळेला बी आबाच बोललं, आईच बोलली. ह्या बारीला टेप परत यील तवा तुझा आवाज पायजे, राही. कायबी बोल. म्हशीचं सांग, पावसाचं सांग. नुसती हाक मारलीस तरी चालंल."

"सासरं बसलेलं असायचं वसरीत," राहीबाई म्हणाल्या. "त्येंच्यासमोर नवऱ्याशी कसं बोलायचं? वाटायचं, सुट्टीला येतील तवा बोलू. पोटभर बोलू." त्या स्क्रीनकडे बघत होत्या. "तुझ्या त्या मशिनीत माझा आवाज भरता यील का? हितंच. त्येंच्या खाली. पर त्येंचं पुसता कामा न्हाई."

त्या 'पुसता कामा न्हाई'ने मला आमच्या घरच्या कॅसेटी आठवल्या. मला माझ्या अब्बांचा आवाज हवा होता, इतका हवा होता की त्या क्षणी कुणी तिथे नसतं तर मी जमिनीवर बसून रडले असते. तो कुठल्याच तक्त्यात नव्हता. पण हा होता, आणि याच्यावर काही चढणार नव्हतं.

"भरता येईल, मावशी."

बाहेर येऊन मी ऋषिराजला सांगितलं. तो म्हणाला, "कॅसेट तीच, घर तेच. की पुन्हा एकच होईल. तक्ता अडेल."

"मग तिसरा भाग जोड. कॅसेट, घर आणि बोलणारा."

या वेळी त्याने आधी दुभाष्याला शिकवलं, मग तक्त्याला.

मी माइक लावून दिला, आवाज नीट येतोय का ते बघायला हेडफोन कानाला धरला. राहीबाई नवऱ्याच्या फोटोसमोर पाट घेऊन बसल्या होत्या. पदर नीट केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आवं," त्या म्हणाल्या. "ऐकताय न्हवं?"

मी हेडफोन काढला, दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जयराजशेजारी जाऊन बसले. त्याने टॅक्सी काढली नव्हती. आतून शब्द कळत नव्हते, नुसती एक लय येत होती, थांबत, पुन्हा सुरू होत. मधेच त्या हसल्यासारख्या वाटल्या. ऊन शाळेच्या कौलांवरून अंगणात उतरलं तरी त्यांचं बोलणं चाललंच होतं.

बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले आणि चेहरा स्वच्छ होता. जयराज उठून उभा राहिला.

"उद्या खोली उघडलीस की आधी तुझ्या बापाचा लाव," त्या त्याला म्हणाल्या. "मंग ह्येंचा. आन् माझा लाव समद्यांच्या शेवटी. त्या दोघांचं बोलून होऊ दे. मी थांबते. मला सवय हाय."